ठरलेला उखाणा, ठरलेले उत्तर

१३ सप्टेंबर २००४ रोजी झी मराठी वाहिनीवर 'होम मिनिस्टर' हा कार्यक्रम सुरू झाला आणि अधूनमधून विश्रांती घेत तो दीड दशकाहून अधिक काळ चालला. सूत्रसंचालक आदेश बांदेकर सायंकाळी कोणाच्या तरी घरी जात, गृहिणींमध्ये खेळ लावत आणि जिंकणारीला पैठणी मिळे. गावे बदलली, घरे बदलली, खेळांतही फेरफार होत गेले. एक गोष्ट मात्र बदलली नाही. घरच्या स्त्रीला नाव घेण्याचा आग्रह होई आणि ती उखाणा घेई. हे उखाणे नित्यनेमाने ऐकणाऱ्या प्रेक्षकाच्या एक गोष्ट ध्यानात आल्यावाचून राहिली नसेल. चांदीचे ताट, महादेवाची पिंड, बेलाचे पान, निरांजनाची वात यांची ये-जा अखंड चालू असे. नवे येई ते केवळ पतीचे नाव.

उखाणा या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, हे आज बहुतेकांच्या विस्मरणात गेले आहे. उखाणा म्हणजे मुळात कोडे. कोकणीत ज्याला हुमाणे म्हणतात तोच हा प्रकार. वस्तूचे नाव न घेता तिचे वर्णन करावयाचे आणि ऐकणाऱ्याने ती ओळखावयाची. दुसरा अर्थ पतीचे नाव गुंफलेल्या यमकबद्ध ओळींचा. हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदावेत, यात नवल नाही. पतीचे नाव उच्चारणे स्त्रीला निषिद्ध होते. 'अहो', 'इकडून', 'घरधनी', 'कारभारी' अशा आडवाटेनेच तिला त्याचा निर्देश करावा लागे. लग्न, डोहाळजेवण, मंगळागौर, हळदीकुंकू अशा मोजक्या प्रसंगी हा निषेध क्षणभर सैल होई; पण तोही फुकट नव्हे. नाव घ्यावयाचे तर ते सजवून, लपवून, यमकाच्या पडद्याआडून घ्यावयाचे. कोड्यात उत्तर दडलेले असते, तसेच येथे नाव दडलेले असे. चार जणींच्या देखत सुनेला आपली बुद्धी दाखवण्याची ती एक हक्काची जागा होती.

मग तेच ते उखाणे पुन्हा पुन्हा का ऐकू येऊ लागले? याचे कारण त्यांच्या रचनेतच आहे. नावावरूनच यमक साधणारा उखाणा त्या एकाच घरापुरता राहतो. दुसरीला तो उसना घेता येत नाही. याउलट, ज्याच्या पहिल्या ओळीचा दुसरीशी यमकापलीकडे काही संबंध नाही आणि ज्यात नावाच्या जागी 'राव' हा प्रत्यय जोडून कोणालाही बसवता येते, तो उखाणा सगळ्या महाराष्ट्राचा होतो. बाजारात मिळणाऱ्या उखाण्यांच्या पुस्तिकांत नावाच्या जागी चक्क टिंबे छापलेली असतात. रिकाम्या जागा भरा, एवढेच काम उरते. दहावीच्या वर्गाला 'अपेक्षित' प्रश्नसंच जसे उपयोगी पडतात, तशाच या पुस्तिका नववधूला पडतात. आणि शिक्षकांना हे सांगावयास नको की, अपेक्षित प्रश्नाचे पाठ उत्तर चुकत नाही, पण त्यातून विद्यार्थ्याची ओळखही पटत नाही.

शब्दकोड्यांची पुनरावृत्ती ही केवळ मराठी पडद्याचीच अडचण आहे, असे नव्हे. ब्रिटनमध्ये १९८२ पासून 'काउंटडाउन' हा शब्दांचा आणि आकड्यांचा खेळ दूरचित्रवाणीवर चालू आहे. एका फ्रेंच कार्यक्रमावरून तो घेतलेला. त्याच्या अखेरच्या फेरीत नऊ अक्षरांचा एक शब्द उलटसुलट करून दाखवतात आणि तीस सेकंदांत तो ओळखावयाचा असतो. भाग सहा हजारांहून अधिक झाले. नऊ अक्षरांचे, सर्वांच्या परिचयाचे आणि एकाच रीतीने जुळणारे शब्द कोणत्याही भाषेत अमर्याद नसतात. तेव्हा जुना शब्द केव्हा ना केव्हा परत येणारच. तो आला की नव्या स्पर्धकाला ते कोडे असते. जुने भाग पाठ असलेल्याला ती केवळ आठवण असते. म्हणजे प्रश्न तोच राहून परीक्षा मात्र बदलते. (असा खेळ मराठीत जसाच्या तसा आणणे अवघडच. आपल्या लिपीत काना, मात्रा, वेलांटी अक्षरापासून सुटत नाहीत आणि जोडाक्षर फोडावे की ठेवावे, यावरच पंचांची पंचाईत व्हावयाची.)

तथापि, पुनरावृत्ती सरसकट वाईट, असे म्हणणे लोकसाहित्याला धरून होणार नाही. जात्यावरच्या ओव्या हे याचे ठळक उदाहरण. डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीच्या द्वारे ग्रामीण स्त्रियांची गाणी जमवली. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइट्वाँ यांच्या प्रयत्नांतून महाराष्ट्राच्या गावोगावच्या एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. त्यांतही तीच पंढरी, तेच माहेर, तोच भाऊ पुन्हा पुन्हा भेटतो. पण पहिली ओळ उसनी घेतली तरी दुसरीत ओवी गाणारीचे स्वतःचे दुःख उतरे. जात्यापाशी ऐकणारे कोणी नसे, बक्षीस नसे, म्हणून बदल करण्याची मुभाही होती. पडद्यावर सगळा महाराष्ट्र पाहत असतो. तेथे चुकू नये, हसे होऊ नये, ही धास्ती मोठी. आणि पाठ केलेला उखाणा चुकत नाही. परभणी जिल्ह्यात देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी हळदीकुंकवाला जमलेल्या सुना पुण्या-मुंबईच्या घरात ऐकलेला उखाणा जसाच्या तसा म्हणू लागल्या, तर दोष त्यांना कसा द्यावा? एरवी ज्या बोलीत त्या घरीदारी बोलतात, त्या बोलीची चव मात्र अशा उखाण्यात सापडत नाही, ही हानी लहान नव्हे.

या कार्यक्रमाने चांगले काही केले नाही, असेही नाही. ज्या स्त्रीचे घरातही कोणी फारसे ऐकत नसे, तिच्या स्वयंपाकघरापर्यंत कॅमेरा गेला, तिच्या कष्टांचे घरच्यांसमोर कौतुक झाले, सासू-सुना एकत्र हसल्या. हे श्रेय त्याला द्यावयासच हवे. पण पुनरावृत्ती केवळ उखाण्यांची होती काय? वस्तुतः वर्षानुवर्षे फिरून फिरून आला तो प्रश्न: नाव घ्या. आणि त्याचे उत्तर नेहमी पतीचे नाव. आज नोकरीच्या ठिकाणी, बँकेत, शाळेच्या अर्जावर स्त्रिया पतीचे नाव दिवसातून दहा वेळा निःसंकोच उच्चारतात. निषेध उरलेला नाही, म्हणून लपवण्याची गरजही उरलेली नाही. उत्तर आधीच ठाऊक, मांडणी पुस्तिकेतली; मग ओळखावयाचे काय राहिले?

२०२२ मध्ये याच कार्यक्रमाचे 'महामिनिस्टर' पर्व झाले आणि त्यासाठी अकरा लाख रुपयांची पैठणी ठेवण्यात आली. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने पतीच्या निधनानंतर स्त्रीचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची आणि मंगळसूत्र काढण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव केला. राज्य शासनाने लगोलग परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनी हे उदाहरण घ्यावे, असे सुचवले. ठरावाने कुंकू आणि बांगड्या राहिल्या. हळदीकुंकवाच्या बैठकीत अशा स्त्रीला बसावयास जागा मिळाली, तर नाव घ्या असे तिला कोणी म्हणेल काय, आणि म्हटलेच तर ती कोणाचे नाव घेईल, याचे उत्तर मात्र अद्याप कोणत्याच पुस्तिकेत छापलेले नाही.