फुफीचं नाव कुठे गेलं? दुरावलेले वारस सरकारी दफ्तरातून आणि कोर्टाच्या फायलींतून असे शोधा

नांदगाव तालुक्यातली आपली कुटुंबं एका जागी फारशी राहिलेली नाहीत. मनमाड जंक्शनमुळे रेल्वेच्या नोकरीत कुणी आलं, कुणी भुसावळला बदलून गेलं. कुणी मालेगावच्या यंत्रमागावर, कुणी भिवंडी-मुंबईला. मुली कन्नड, वैजापूर, चाळीसगावकडे दिल्या गेल्या. पहिली पिढी ईदला येत-जात राहते, दुसरी पिढी फोनवर दुआ-सलाम करते आणि तिसऱ्या पिढीला एकमेकांची नावंही माहीत नसतात. मग घर किंवा जमीन विकायची, वाटणी करायची वेळ येते आणि प्रश्न उभा राहतो : दादांना एक बहीणही होती ना? ती कुठे दिली होती? तिची मुलं कुठे असतील?

बऱ्याच घरांत यावर उत्तर मिळतं, "आता कुठे शोधणार?" आमचं म्हणणं असं की शोधता येतं. घराच्या आठवणीतून गेलेला माणूस सरकारी कागदावरून सहसा जात नाही. आणि हा शोध आपल्या सोयीचा प्रश्न नाही, तो त्या माणसाच्या हकाचा प्रश्न आहे.

हिशोब साधा आहे. एक मरहूम मागे बीवी, दोन मुलगे आणि एक मुलगी सोडून गेले. कर्ज आणि वसियत वगैरे निपटल्यावर उरलेल्या मालमत्तेचे ४० हिस्से धरा. बीवीला ५, प्रत्येक मुलाला १४ आणि मुलीला ७. ती मुलगी सासरी गेली, दूर गेली, तिच्याशी बोलणं बंद झालं, म्हणून हे ७ हिस्से भावांचे होत नाहीत. बापानंतर तीही गेली असेल, तर ते तिच्या वारसांचे होतात. त्यांना शोधणं हे वाटणी करणाऱ्याचं काम आहे.

आधी घरात विचारा

कोणत्याही कचेरीत जाण्याआधी घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ बसा. नाव, बापाचं नाव, टोपणनाव, गाव आणि अंदाजे साल, एवढं लिहून घ्या. आपल्या भागात नाव "शेख रहीम शेख करीम" असं, म्हणजे आधी स्वतःचं आणि मग बापाचं लिहायची रीत आहे. दफ्तरात तेच नाव "रहीम करीम शेख" असंही सापडतं. मोहम्मदचं महंमद किंवा महमद झालेलं असतं, फातिमाचं फातमाबी किंवा फातमाबाई. लिहिणाऱ्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलं आहे. म्हणून एकाच रूपावर अडून बसू नका.

सातबारा नाही, फेरफार वाचा

सातबारा आज कुणाचं नाव आहे ते सांगतो. माणसं सापडतात ती फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये. सातबाऱ्यावर फेरफारांचे नंबर असतात. एकेक नंबर धरून मागे गेलं की कोण कधी मयत झालं, वारस म्हणून कुणाची नावं लागली, कुणाचं नाव कशाच्या आधारे कमी झालं, हे उलगडत जातं. वारसांची वेगळी नोंदवही असते, ती गाव नमुना ६-क. जुने स्कॅन केलेले कागद राज्य सरकारच्या "आपले अभिलेख" या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून बघता येतात, त्यात नाशिक जिल्हा आहे. तिथे न मिळाले तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. घर सिटी सर्व्हेच्या हद्दीत असेल तर सातबाऱ्याऐवजी मालमत्ता पत्रक असतं. ते भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कचेरीत मिळतं.

काही खुणा ओळखता आल्या पाहिजेत. "भ्र." म्हणजे भ्रतार, नवरा. बाईच्या नावापुढे "भ्र." असेल तर त्यापुढचं नाव तिच्या नवऱ्याचं आहे. शोधाचा पुढचा धागा हाच. "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता : वारस तेव्हा लहान होता आणि त्याच्या वतीने कुणी मोठं माणूस उभं होतं. जुन्या नोंदींत बहिणींची नावं कब्जेदाराच्या रकान्यात न घालता "इतर हक्क" मध्ये टाकलेली दिसतात. फुफीचं नाव वर दिसलं नाही म्हणून नाहीच असं समजू नका, तो रकानाही वाचा.

दाखले : मौत, शाळा, निकाह

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यानुसार कोणीही नोंदवहीत शोध घ्यायला लावू शकतो आणि उतारा मागू शकतो. मृत्यूचं कारण मात्र उताऱ्यात देत नाहीत. इथे लोक एक गोष्ट विसरतात. नोंद राहत्या गावी होत नाही, जिथे मौत झाली तिथे होते. नांदगावचा माणूस नाशिकच्या दवाखान्यात वारला असेल तर नोंद नाशिक महानगरपालिकेत शोधावी लागते, मालेगावला वारला तर मालेगाव महानगरपालिकेत. फार जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात मिळतात.

शाळेचं जनरल रजिस्टर हाही भक्कम कागद. मराठी शाळा असो की जिल्हा परिषदेची उर्दू शाळा, त्यात बापाचं नाव, जन्मतारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि बऱ्याचदा सोडण्याचं कारण असतं. "पालकांची बदली" एवढे दोन शब्दही पुढची दिशा दाखवतात.

फुफी शोधायची असेल तर मात्र सगळ्यात कामाचं रजिस्टर काझीसाहेबांचं. निकाह बहुतेक वेळा मुलीच्या गावी होतो, म्हणून तिच्या माहेरच्या गावचं रजिस्टर आधी बघा. निकाहनाम्यात दुल्ह्याचं नाव, त्याच्या वालिदचं नाव, त्यांचं गाव, वकील आणि गवाह यांची नावं असतात. गवाहांपैकी एक तरी दुल्ह्याच्या बाजूचा नातेवाईक निघतो. कब्रस्तानच्या ट्रस्टकडे दफनची वही असेल तर तीही बघून घ्या.

हद्दीपलीकडचे कागद उर्दूत

नांदगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं आणि शेजारचे कन्नड, वैजापूर हे तालुके सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. म्हणून एकाच खानदानाचे कागद दोन तऱ्हेचे निघतात. आपल्याकडचे जुने कागद मोडी लिपीत, तिकडचे उर्दूत. तिकडच्या जमिनीसाठी १९५४-५५ च्या सुमाराचं खासरा पाहणी पत्रक मागा, मराठवाड्यात ते पायाचा कागद मानतात. मोडी वाचणारे जाणकार शोधावे लागतात. उर्दू वाचणारे तर आपल्याच घरात आहेत. दादी-नानीला तो कागद दाखवा.

कोर्टाची फाईल काय सांगते

कोर्टकचेरी म्हटलं की आपण लांब राहतो. पण माणूस शोधायला दाव्याच्या फायलीइतकी माहिती दुसरीकडे क्वचितच मिळते. अर्जाच्या पहिल्याच पानावर प्रत्येक पक्षकाराचं नाव, वय, धंदा आणि "राहणार" लिहिलेलं असतं. वाटपाच्या दाव्यात वंशावळ मांडलेली असते. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली वारसा प्रमाणपत्र मागताना मयताच्या जवळच्या नातेवाईकांची नावं आणि राहण्याचं ठिकाण अर्जात द्यावंच लागतं.

ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर महाराष्ट्र, मग नाशिक जिल्हा, मग कोर्ट निवडा आणि पक्षकाराचं नाव व साल टाका. चालू आणि निकाली, दोन्ही प्रकार तपासा. इंग्रजीत "शेख" चार तऱ्हांनी लिहितात, चारही करून बघा. प्रकरण सापडलं की त्याचा १६ अक्षरी सीएनआर नंबर टिपून ठेवा.

जुनी प्रकरणं संगणकावर नसतात. तिथे पुन्हा फेरफार कामाला येतो. "कोर्टाच्या हुकुमावरून" अशा नोंदीत दाव्याचा नंबर आणि साल दिलेलं असतं. ते घेऊन कोर्टाच्या रेकॉर्ड विभागात नकलेचा अर्ज द्या. तुम्ही दाव्यात पक्षकार नसाल तर कारण लिहून परवानगी मागावी लागते. निकालपत्र आणि हुकूमनामा दीर्घकाळ जपतात, बाकी कागद मुदतीनंतर नष्ट होतात. म्हणून उशीर करू नका.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. १९८७ च्या कायद्यानुसार बाईमाणसाला तिची कमाई कितीही असली तरी मोफत कायदेशीर मदत मिळू शकते.

आज ते कुठे आहेत?

गाव कळलं की मतदार यादी उघडा. ती यादी भागवार आणि घर क्रमांकानुसार असते, नावासोबत बापाचं किंवा नवऱ्याचं नाव असतं. नांदगाव विधानसभेचा क्रमांक ११३ आहे. त्यांनी घर-जमीन घेतली-विकली असेल तर दुय्यम निबंधकाकडच्या सूची क्रमांक २ मध्ये नाव-पत्ता मिळतो, आणि ही सूची फी भरून कुणालाही बघता येते.

नवरा बेपत्ता असेल तर

पोलीस ठाण्यात मिसिंगची नोंद आधी करा. ती तारीख पुढे फार उपयोगी पडते. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्यानुसार नवऱ्याचा चार वर्षं ठावठिकाणा नसेल तर बीवी कोर्टातून निकाह मोडून मागू शकते. अर्जात नवऱ्याच्या वारसांची नावं-पत्ते द्यावे लागतात आणि त्यांना नोटीस जाते. हुकूम झाला तरी तो सहा महिन्यांनी लागू होतो, तेवढ्यात नवरा परत येऊन नांदवायला तयार झाला तर कोर्ट हुकूम रद्द करतं. मालमत्तेसाठी माणूस मयत धरायचा तर कायदा सात वर्षांचा काळ बघतो.

शोध वेगळा, पाळत वेगळी

हे सगळे कागद हक पोचवण्यासाठी आहेत. जाचाला कंटाळून घर सोडलेल्या बाईचा, मर्जीने लग्न करून गेलेल्या मुलीचा पत्ता काढायला ते वापरू नका, आणि कुणी मागितलं तर असा पत्ता देऊ नका. दुसऱ्याच्या खासगी गोष्टी उकरणं सूरह हुजुरातने मना केलं आहे. नातेवाईक सापडले तरी थेट दारात उभं राहू नका. आधी पत्र किंवा ओळखीच्या माणसाकरवी निरोप पाठवा. बोलायचं की नाही, हे त्यांना ठरवू द्या.

आणि सापडल्यावर लगेच हक्कसोड पत्रावर सही मागू नका. आधी त्यांना हिस्सा किती ते सांगा. मग तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, सगळ्या वारसांची नावं देऊन वारसनोंद करा. जमीन महसूल संहितेत त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे, पण राहून गेली असेल तरी अर्ज द्या. १९३७ च्या शरियत कायद्यात शेतजमिनीचा अपवाद आहे, म्हणून शेतीच्या बाबतीत वकिलाला विचारूनच पुढे जा. कायद्याचं काही असो, फुफीचा हिस्सा देण्यापासून आपल्याला कोणताही कायदा अडवत नाही.