मूळचें सत्य कोणतें?

सूर्य किती चढला आहे हें ठाऊक असल्यास झेंड्याच्या काठीच्या सावलीवरून काठीची उंची काढतां येते, आणि उंचीवरून सावलीही. गणित दोन्ही बाजूंनीं सारखेंच चालतें. तरीपण सावली लांब आहे म्हणून काठी उंच झाली, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. एक सत्य दुसऱ्याहून अधिक मूलभूत आहे असें म्हणतांना अभिप्राय असतो तो हाच.

काठी आणि सावली यांचा निवाडा सोपा. आकाशांतील प्रकरण तसें नव्हतें. केप्लरनें टायको ब्राहेच्या वेधांवर वर्षानुवर्षें आकडेमोड करून ग्रहगतीचे तीन नियम बसविले. दोन १६०९ सालीं व तिसरा १६१९ सालीं प्रसिद्ध झाला. ग्रहाच्या मध्यम अंतराचा घन व प्रदक्षिणाकालाचा वर्ग यांचें गुणोत्तर सर्व ग्रहांना एकच येतें, हा तो तिसरा. न्यूटननें १६८७ सालीं गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला, तो या नियमांचा आधार घेऊनच. मग धाकट्यास वडील कां म्हणावें?

याचें उत्तर न्यूटननें केप्लरची जी चूक उघडकीस आणली, तींत आहे. सूर्य ग्रहाला ओढतो, तसा ग्रहही सूर्याला ओढणार. आणि गुरूचें वस्तुमान सूर्याच्या सुमारें हजाराव्या हिश्शाएवढें असल्यामुळें त्याचें गुणोत्तर पृथ्वीच्याहून किंचित् निराळें आलें पाहिजे. तें तसेंच येतें. केप्लरच्या नियमांवरून न्यूटनचा नियम सुचतो खरा; परंतु केप्लरचे नियम कां खरे आणि कोठें थोडे खोटे, हीं दोन्ही न्यूटनच्या नियमांतून निघतात.

१७८१ सालीं सांपडलेला युरेनस पुढें गणितानें नेमलेल्या मार्गावरून ढळूं लागला. तेव्हां लव्हेरिएनें न दिसलेल्या ग्रहाची जागा कागदावर काढली, आणि २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्रीं बर्लिनच्या वेधशाळेंत गाल याला नेपच्यून त्या जागेपासून एका अंशाच्या आंत दिसला. केप्लरच्या नियमांना हें साधण्याजोगें नव्हतें. एक ग्रह दुसऱ्याचा मार्ग बिघडवितो, ही गोष्टच त्यांत नाहीं.

परंतु न्यूटनची गादीही अढळ नव्हती. इतर ग्रहांच्या ओढीचा सर्व हिशेब धरूनही बुधाची कक्षा शंभर वर्षांत ४३ विकला जास्त सरकते, एवढीच काय ती तक्रार! त्याच लव्हेरिएनें तेथेंही अदृश्य ग्रहाची कल्पना केली. तो कधींच मिळाला नाहीं. १९१५ सालीं आइन्स्टाइनच्या सिद्धांतांतून त्या ४३ विकला आपोआप निघाल्या, आणि आकर्षण दुर्बल व गति मंद असेल तेथपुरता न्यूटनचा नियम त्याचा पोटनियम ठरला. या सिद्धांताचा पुंजसिद्धांताशीं मेळ मात्र अद्याप बसलेला नाहीं.