अंगणांतील सिग्नल

दिवाळीच्या सुटींत बल्लाळेश्वराच्या दर्शनास येणाऱ्या मोटारींनीं आमच्या पालीची अरुंद वाट कोंडून जाते. ती दाटी पाहून गेल्या दिवाळींत आमच्या दौहित्रानें विचारलें, "आजोबा, पहिला सिग्नल कुणी केला?"

तो मान लंडनचा. डिसेंबर १८६८ मध्यें तेथील पार्लमेंटासमोर जे. पी. नाइट नामक रेल्वेच्या अभियंत्यानें आगगाडीच्या सिग्नलाच्या धर्तीवर एक खांब उभारला. मोटारी तोंवर जन्मासही आल्या नव्हत्या. दाटी होती ती घोडागाड्यांची. खांबाचे हात आडवे असले म्हणजे थांबावें, तिरपे खालीं आले म्हणजे जपून जावें. रात्रीं तांबडा व हिरवा ग्यासचा दिवा. तळचा दांडा फिरवून योग्य तो रंग समोर आणण्याचें काम पोलिसाकडे. पुढच्याच महिन्यांत ग्यास गळून स्फोट झाला व पोलीस जखमी झाला.

यंदा मातीच्या किल्ल्याऐवजीं हाच खांब करावयाचें ठरलें. माळ्यावरचा एक सागवानी वासा, फळीचा हात, लहानशी कप्पी आणि सुतळी, एवढ्यावर काम भागलें. हाताच्या मागच्या टोकास लोखंडाचें वजन बांधलें, व तो आडव्याहून वर जाऊं नये म्हणून खुंटी ठोकली. सुतळी ओढली कीं हात खालीं, सोडली कीं आडवा. यांतील मर्म मुलास कळावें म्हणून आम्हीं सुतळी मुद्दाम कापली. हात आपोआप आडवा झाला! रेल्वेच्या जुन्या सिग्नलांतही हीच योजना असे. तार तुटली तर हात 'थांबा' म्हणे, 'चला' म्हणत नसे. 'सिग्नल पडला' असें आपण म्हणत असूं तें याच हाताला.

ग्यासचें धाडस अर्थातच केलें नाहीं. एका खोक्याच्या दोन बाजूंस बॅटरीवरचे बल्ब बसवून त्यांवर आकाशकंदिलाचा तांबडा व हिरवा जिलेटिन कागद लावला. खोकें फिरविलें कीं रंग बदले.

दिवसा सर्व यथास्थित चाललें. काळोख पडल्यावर मात्र हिरवा दिवा समोर असतांही मुलगा सायकल थांबवून विचारी, "आजोबा, हात खालीं आहे का?" आम्हांस ती थट्टा वाटली. दुसऱ्या वेळीं आम्ही रागावलों. तिसऱ्या वेळीं त्याचे डोळे भरून आले.

नेत्रवैद्यांनीं त्याच्यापुढें ठिपक्यांचीं चित्रें ठेविलीं. इशिहारा नांवाच्या जपानी वैद्यानें तीं शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं सिद्ध केलीं. त्यांत दडलेले आंकडे मुलास वाचतां येईनात. नजर उत्तम, पण तांबड्या-हिरव्याचा भेद जन्मतःच अस्पष्ट. हा दोष मुलींपेक्षां मुलग्यांत पुष्कळ अधिक आढळतो. आमच्या मुलीस पहिली चिंता पडली ती मोटार चालविण्याच्या परवान्याची. २०२० सालच्या नियमदुरुस्तीनें सौम्य व मध्यम रंगांधत्व असणारांसही तो मिळूं शकतो, हें कळल्यावर ती सावरली. आगगाडीचें इंजिन चालविण्याची नोकरी मात्र मिळावयाची नाहीं. हें मुलास अजून कुणी सांगितलेलें नाहीं.

आमचें मन चाळीस वर्षें मागें गेलें. आमच्या वर्गांत एका मुलानें चित्रांतील आंब्याचीं पानें तपकिरी रंगविलीं होतीं. वात्रटपणा समजून आम्हीं त्याला छडी मारली. "गुरुजी, मला तशींच दिसतात," असें तो म्हणाला, तेव्हां उलट उत्तर दिलें म्हणून दुसरी. संस्कृतांत 'हरित' शब्द हिरव्यास लागतो तसा पिवळसरासही लागतो, हें आम्हीं त्याच वर्षीं वरच्या वर्गाला शिकविलें होतें.

फिरतें खोकें आम्हीं काढून टाकलें. आतां हल्लींच्या उभ्या सिग्नलाप्रमाणें तांबडा दिवा वर आणि हिरवा खालीं आहे. रंग न कळला तरी जागेवरून कळतें. लंडनच्या मूळ खांबाशीं इमान राहिलें नाहीं, पण मुलगा रात्रीं न थांबतां सायकल नेतो.

तो जुना विद्यार्थी हल्लीं ठाण्यास असतो असें कळलें. त्याला पत्र घातलें आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.