मारेकरी पेशींचा हिशेब

नागपुरी संत्र्याच्या फोडीचे पातळ आवरण शाबूत आहे तोवर रस आतच राहतो. ते फाटले की रस बाहेर येतो. रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनात नेमक्या याच गोष्टीचा उपयोग करतात.

आपल्या रक्तातील काही पांढऱ्या पेशी कर्करोगपेशींना ठार मारतात. पण किती पेशी मेल्या, हे मोजायचे कसे? १९६८ साली स्वित्झर्लंडमध्ये ब्रुनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक युक्ती वापरली. लक्ष्य पेशींना त्यांनी क्रोमियम-५१ हे किरणोत्सारी द्रव्य शोषू दिले आणि पेशींबाहेर उरलेले धुऊन टाकले. पेशी मेली की तिचे आवरण फाटते व क्रोमियम द्रवात उतरते. म्हणून मारेकरी पेशी मिसळून काही तास, बहुधा चार, थांबायचे. मग वरचा द्रव काढून त्यातील गॅमा किरण यंत्राने मोजायचे.

सोपे वाटते ना? पण थांबा! ठेवलेली काही संत्री आपोआपही गळतात. तसेच पेशींचे. म्हणून आणखी दोन नळ्या लागतात. एकीत मारेकरी पेशी घालतच नाहीत; दुसरीत साबणासारखे द्रव्य घालून सर्व पेशी फोडतात. समजा, मोजणी अशी आली: पहिल्या नळीत ४००, दुसरीत २४००, आणि प्रयोगाच्या नळीत १२००. १२०० मधून ४०० वजा केले, उरले ८००. २४०० मधून ४०० वजा केले, उरले २०००. म्हणजे ४० टक्के पेशी मारल्या गेल्या. वजाबाकी विसरलो असतो, तर मुळीच न मारणाऱ्या पेशीही सुमारे १७ टक्के मारतात असे दिसले असते!

ही चूक महागात पडू शकते. मुंबईच्या आय. आय. टी. व टाटा मेमोरिअल रुग्णालयातील संशोधकांनी मिळून 'कार-टी' उपचार विकसित केला. त्याला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात परवानगी मिळाली. यात रुग्णाच्याच टी पेशींत नवा जनुक घालतात. मग त्या अंगावर सीडी१९ हे प्रथिन असलेल्या पेशी ओळखून मारतात. अशा पेशी रुग्णाला देण्याजोग्या आहेत की नाहीत, हे आधी प्रयोगशाळेत पाहावे लागते.

आज क्रोमियमऐवजी चमकणारी रंगद्रव्येही वापरतात. पण मारेकऱ्यांविना ठेवलेली ती नळी मात्र सुटलेली नाही. तुमच्या शाळेतील प्रयोगात अशी नळी कोणती, हे शोधून पाहा बरे!