मेन स्विचाची जागा

वेंगुर्ल्याकडील घरांत मेन स्विच पुष्कळदां पडवींत, मीटराशेजारीं असतो. पावसाळा तोंडावर आला कीं त्याच पडवींत सरपण, सोडणें व भाताचीं पोतीं रचलीं जातात आणि स्विच त्यांच्याआड दडतो. विजेची तार हातीं लागली असतां स्नायू आंखडून मूठ वळते. तार सोडूं म्हटलें तरी सुटत नाहीं. अशा माणसास ओढूं पाहणाऱ्यासही धक्का बसतो, म्हणून प्रथम प्रवाह तोडावयाचा. त्या घटकेस पोतीं कोण उपसणार?

१९८९ सालच्या भारतीय मानक ७३२ प्रमाणें स्विचबोर्डाची खालची कड जमिनीपासून १.२५ मीटरांच्या आंत नसावी. पुढून दारानें पूर्ण बंद होत असल्यास सूट आहे. अमेरिकेच्या नियमांत खटक्याच्या दांडीचा मध्य सुमारें २ मीटरांहून उंच चालत नाहीं. आमच्या मतें हीही उंची कोंकणांतील आजीबाईंस जास्तच. घरांतील सर्वांत ठेंगण्या मोठ्या माणसाचा हात स्टुलावांचून पोंचला पाहिजे. बोर्डापुढें १ मीटर जागा मोकळी ठेवण्याचा आपल्याकडील दंडक २५० व्होल्टांवरील जोडणीस लागू आहे. तो घरींही पाळावा. पागोळ्यांचे तुषार येणारी भिंत मात्र टाळावी. खाऱ्या हवेनें पत्र्याची पेटी आधींच गंजत असते, आणि गंजलेला खटका ऐन वेळीं हालत नाहीं.