पांडुरंगाची भावंडं आणि बोईसरची पोरं

मराठी पोराला उदास व्हायची परवानगी १९६३ साली मिळाली, आणि तीही मोठ्यांच्या कादंबरीत. त्याआधी आपली मुलं आईच्या आठवणीने रडत होती (‘श्यामची आई’, १९३५) किंवा ना. धों. ताम्हनकरांच्या गोट्यासारख्या खोड्या काढत होती. आपल्याला नेमकं काय होतंय हे न कळता सगळ्या जगाची टिंगल करत आतून खचत जाणारा पोरगा ‘कोसला’तून आला. भालचंद्र नेमाडे तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, त्यांचा पांडुरंग सांगवीकरही तेवढाच.

‘कोसला’ विनोदी कादंबरी आहे, हे आपण साठ वर्षांत जवळपास विसरलो. समीक्षकांनी तिच्यावर देशीवाद, अस्तित्ववाद अशी इतकी ओझी लादली की हसणं हा अपराध वाटावा. खरं तर होस्टेल, खानावळ, स्नेहसंमेलन, परीक्षा या सगळ्या पानांवर फिस्सकन हसू येतं. पांडुरंग वाक्यावाक्यात ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ पेरत जातो. कशालाच गांभीर्य चिकटू नये, चिकटलंच तर आधी आपणच ते उडवून लावावं, अशी त्याची तजवीज. धाकटी बहीण मनी देवीने जाते तेव्हा ही सगळी तजवीज कोसळते. ती पानं वाचताना लक्षात येतं की आधीचं हसणं सुखातून येत नव्हतं. तरीही नेमाडे तिथे थांबून नायकाचा आजार समजावून सांगत नाहीत. पुढे तर दोन मित्र भविष्यातले इतिहाससंशोधक बनून आपल्याच काळाची उत्खननं करतात. इतका गमतीदार आणि इतका एकटा प्रसंग मराठीत क्वचितच सापडेल.

सॅलिंजरच्या होल्डन कॉलफिल्डशी (१९५१) पांडुरंगाची तुलना बरीच झाली. मला त्यातला फरक जास्त बोलका वाटतो. होल्डन आपली गोष्ट उपचाराच्या ठिकाणाहून सांगतो, म्हणजे त्याला काहीतरी झालंय हे त्याच्या घरच्यांनी मान्य केलेलं आहे. पांडुरंगाला असं कुणी काही विचारत नाही. वडिलांना पैशांचा हिशोब हवा असतो. पोरगा शिकायला गेला, शिकला नाही, परत आला, एवढीच घराची नोंद.

मग बराच काळ सामसूम. प्रकाश नारायण संतांचा लंपन ‘वनवास’मध्ये (१९९४) आला तो आईवडिलांपासून दूर, सीमाभागात, आजी-आजोबांकडे वाढणारा. लंपनला लोक गोड म्हणतात आणि मला राग येतो. त्याच्या डोक्यात सतत चाललेली बडबड ही एकट्या मुलाची बडबड आहे. संतांचे स्वतःचे वडील ना. मा. संत १९४६ साली गेले तेव्हा ते नऊ वर्षांचे होते, हे ठाऊक असेल तर त्या कथांमधलं हसू जरा वेगळं ऐकू येतं.

मिलिंद बोकिलांची ‘शाळा’ (२००४) सगळ्यांनी वाचली किंवा निदान २०१२चा चित्रपट पाहिला. चित्रपटाने तिची प्रेमकथा केली. पुस्तकातला नववीतला मुकुंद जोशी आणीबाणीच्या काळात वर्गाकडे युद्धभूमीसारखं पाहतो, मोठ्यांची भाषा उसनी घेऊन त्यांचीच खिल्ली उडवतो, आणि ज्या क्षणी त्याला खरंच बोलायचं असतं तेव्हा त्याच्याकडे शब्द नसतात. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (२००६) हसू फारसं नाही, पण घरातल्या घरात परका झालेला तनय याच कुळातला. आणि अवधूत डोंगरे यांची ‘स्वतःला फालतू समजण्याची गोष्ट’. तिला २०१४ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. इतकं नेमकं शीर्षक मानसोपचाराच्या पुस्तकांनाही सुचलेलं नाही.

ही यादी छोटी आहे, आणि त्यात एक खोट आहे. यातलं एकही पुस्तक दुकानात कुमारांच्या कप्प्यात मिळत नाही. ती मोठ्यांनी मागे वळून पाहत मोठ्यांसाठी लिहिलेली आहेत. कुमारांच्या कप्प्यात शोधकथा, विज्ञानकथा, चरित्रं आणि संस्कार. ‘किशोर’सारखं मासिक १९७१पासून चाललंय, ‘साधना’चा बालकुमार अंक दर दिवाळीला निघतो, त्यांचं ऋण मोठं आहे. पण काळा विनोद आपण मुलांच्या हाती देत नाही. त्यांना तो कळणार नाही असं म्हणतो. कळेल, हीच भीती असावी.

अमेरिकेत मात्र नेड विझिनीने २००६ साली पंधरा वर्षांच्या क्रेगची गोष्ट लिहिली. झटून अभ्यास करून नामांकित शाळेत शिरलेला क्रेग तिथे पोचल्यावर कोसळतो आणि स्वतःच मनोरुग्ण विभागात दाखल होतो. तरुणांचा वॉर्ड दुरुस्तीसाठी बंद, म्हणून रवानगी मोठ्यांच्या वॉर्डात. विझिनी स्वतः अशा वॉर्डात राहून आला होता. पुस्तक मनापासून हसवतं. २०१३ साली, बत्तिसाव्या वर्षी, विझिनीने आत्महत्या केली. तेव्हा विनोदाने माणूस वाचतो वगैरे कुणी सांगू नये.

क्रेगची गोष्ट वाचताना मला बोईसर आठवतं. १९६९ साली शेजारच्या तारापूरला अणुवीजकेंद्र सुरू झालं, पाठोपाठ औद्योगिक वसाहत वाढली, आणि झाई-डहाणूपर्यंतच्या वाडी-पाड्यांच्या पट्ट्यात एक विचित्र शहर उगवलं. वसाहतीतली शिस्तबद्ध कॉलनी, बाहेर चाळी, उत्तर प्रदेश-बिहार-ओडिशातून आलेली कुटुंबं, शेजारी वारली आणि मच्छीमार गावं, आणि वीजकेंद्राच्या विस्तारासाठी उठवलेली पोफरण-अक्करपट्टी. २०१३मध्ये लोकल डहाणूपर्यंत आली, २०१४मध्ये पालघर जिल्हा झाला. इथल्या पोराला पुण्याला जाऊन पांडुरंग व्हायचं म्हटलं, तरी परतायला त्याच्या सांगवीसारखं गाव नसतं. बापाचं गाव बलियाकडे किंवा बुलडाण्याकडे, आईचं आणखी कुठे.

विनोद मात्र इथे मुबलक. पाहुणे विचारतात, तुमची पोरं रात्री चमकतात का? पोरं म्हणतात, हो, म्हणून तर लाइटबिल कमी येतं. कारखान्यात स्फोट झाला की काचा थरथरतात आणि पाचच मिनिटांत व्हॉट्सअॅपवर मीम येतं. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के बसू लागले, लोक घराबाहेर झोपू लागले, तेव्हाही ही मीमं थांबली नाहीत. क्लासला निघालेल्या अकरावीच्या मुलांचं फलाटावरचं बोलणं ऐका: मार्क, मरण, मुलगी, सगळं एकाच सुरात, आणि शेवटी ‘चिल मार’. त्यातला कोण नुसती गंमत करतोय आणि कोण खरंच बुडतोय हे बापालाही कळत नाही. २०२१ साली देशात १३,०८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यातले १,८३४ महाराष्ट्रातले, कुठल्याही राज्यापेक्षा जास्त.

आणखी आत, जव्हार-मोखाड्याकडे, आश्रमशाळा आहेत. सहा-सात वर्षांचं वारली पोर घर आणि घरची बोली सोडून वसतिगृहात येतं आणि दहावीपर्यंत तिथेच वाढतं. या भागावर मराठीत गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’सारखं थोर पुस्तक आहे, पण ते वेठबिगारी मोडणाऱ्या मोठ्यांचं. वसतिगृहात रात्री दिवे गेल्यावर मास्तरांच्या नकला करणारा पोरगा अजून कादंबरीत आलेला नाही. लंपनपेक्षा लांबचा वनवास त्याचा आहे.

या पोरांची पुस्तकं बाहेरच्या कुणी शोधनिबंधाच्या तयारीने लिहू नयेत असं माझं मत आहे. सुधारक लेखकाच्या हातात आल्यावर असल्या पोराचा दोन प्रकरणांत समुपदेशक होतो. डोंगरे, बोकील, नेमाडे यांनी आपल्या नायकांना बरं करायची घाई केली नाही. बोईसरच्या अकरावीतलं कुणी पोर वहीच्या मागच्या पानांवर शिक्षकांची भविष्यकालीन उत्खननं मांडत असेल, तर त्याला शुद्धलेखन दाखवण्याआधी पुढचं पान मागावं. आणि दिवाळी अंकांच्या संपादकांनी कुमारांच्या विभागात तळाशी ‘बोध’ छापायची चौकट यंदा तरी काढून टाकावी.