छत्तीसगडचं धान शेजाऱ्यांकडे जातं कसं आणि अडतं कुठे

भिलाई म्हटलं की पोलाद आठवतं. पण कारखान्याच्या चिमण्या मागे टाकून पाटणकडे किंवा गुंडरदेहीकडे निघालं, की थोड्याच वेळात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाचे बांध लागतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत सोसायट्यांच्या खरेदी केंद्रांवर टोकन घेतलेल्या शेतकऱ्यांचे ट्रॅक्टर रांगेत उभे असतात. या धानाचं पुढे काय होतं, ते देशाबाहेर जातं का, निर्यातबंदी झाली की कोण मरतं, यावर भिलाई-दुर्गच्या मराठी घरांतही ठाम मतं ऐकू येतात. त्यांतली बरीचशी चुकीची आहेत. त्यामुळे राग भलत्याच माणसावर निघतो आणि ज्याला खरा फटका बसतो तो नजरेआड राहतो.

"सरकार आमचं धान घेतं आणि परदेशात विकून पैसा करतं."

हा गैरसमज सर्वांत पक्का आहे, म्हणून तो नीट सोडवायला हवा. सोसायटीने घेतलेलं धान राज्याच्या मार्कफेडकडे जमा होतं. तिथून ते राईस मिलला भरडायला दिलं जातं. याला कस्टम मिलिंग म्हणतात. एक क्विंटल धानाचा 67 किलो अरवा किंवा 68 किलो उसना, म्हणजे उकडा, तांदूळ मिलने परत द्यायचा असतो. तो तांदूळ भारतीय अन्न महामंडळाच्या किंवा राज्याच्या नागरिक आपूर्ति निगमच्या गोदामात जातो आणि तिथून रेशन दुकानात येतो. 2024-25 च्या हंगामात राज्याने सुमारे 149 लाख टन धान घेतलं. ते इतकं झालं की केंद्राने उचलून आणि रेशनला पुरवूनही उरलं. शेवटी लाखो टन धान लिलावात काढावं लागलं.

परदेशात विकून पैसा करण्याइतका हा माल स्वस्त पडतच नाही. 2023-24 मध्ये साध्या धानाचा केंद्राचा हमीभाव क्विंटलला 2183 रुपये होता. राज्याने कृषक उन्नती योजनेतून त्यावर 917 रुपये घालून शेतकऱ्याच्या हाती 3100 रुपये दिले, तेही एकरी 21 क्विंटलपर्यंत. या भावाचं धान भरडून आफ्रिकेत किंवा ढाक्यात थायलंड-व्हिएतनामच्या तांदळासमोर उभं करणं कोणत्याही व्यापाऱ्याला परवडणार नाही. शिवाय जागतिक व्यापार संघटनेच्या 2013 च्या बाली निर्णयाने असा सरकारी साठा वापरून व्यापार बिघडवायला मनाई केली आहे. तांदळावरच्या मदतीची 10 टक्क्यांची मर्यादा भारताने 2018-19 मध्ये ओलांडली. त्यासाठी बालीच्याच निर्णयातलं, मर्यादा ओलांडणाऱ्याला तक्रारीपासून वाचवणारं संरक्षण मागावं लागलं आणि तेव्हापासून तांदूळ विकणारे इतर देश आपल्या गोदामांवर डोळा ठेवून आहेत.

मग निर्यातीचा तांदूळ येतो कुठून? खुल्या बाजारातून. मिलवाला मंडीत धान घेतो, बहुतेक उसना तांदूळ काढतो आणि रायपूर-टिटलागढ-विजयनगरम या रेल्वेमार्गाने विशाखापट्टणमला किंवा पुढे काकीनाड्याला पाठवतो. तिथून तो मुख्यतः पश्चिम आफ्रिकेकडे जातो. कनकीला, म्हणजे तांदळाच्या कणीला, वेगळं गिऱ्हाईक असतं.

"2023 मध्ये तांदळाची निर्यात बंद झाली."

सगळ्या तांदळाची नाही. सप्टेंबर 2022 मध्ये कणीची निर्यात थांबली आणि बासमती सोडून इतर पांढऱ्या तांदळावर 20 टक्के शुल्क लागलं. 20 जुलै 2023 ला हा पांढरा, म्हणजे अरवा, तांदूळ पूर्ण बंद झाला. पाठोपाठ ऑगस्टमध्ये उसन्यावर 20 टक्के शुल्क बसलं. बासमती चालू राहिला, फक्त त्याला किमान किंमत लावली गेली. हा तपशील छत्तीसगडसाठी महत्त्वाचा आहे. बांगलादेश मुख्यतः उसना खातो आणि इथल्या मिलही उसना काढतात. तेव्हा तिकडे जाणाऱ्या मालाची वाट बंदीने नव्हे तर शुल्काने अरुंद केली. अरवा खाणाऱ्या शेजाऱ्यावर मात्र दार बंद झालं.

त्या बंद दाराला एक छोटी खिडकी होती. एखाद्या देशाच्या सरकारने विनंती केली, तर ठरावीक कोटा राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत देता येत होता. भूतानला 79,000 टन मिळाले. नेपाळने एक लाख टन तांदूळ आणि दहा लाख टन धान मागितलं होतं. त्याला 95,000 टन तांदूळ मिळाला. कोटा देणं चांगलंच. पण ज्या सीमेवरून रोज ट्रक ये-जा करतात, तिथे अर्ज, मंजुरी आणि एकच संस्था अशी वाट ठेवली, की छोटा व्यापारी बाजूला फेकला जातो आणि माल ठरल्या वेळेला पोचत नाही.

"दक्षिण आशियात मुक्त व्यापाराचा करार आहे, मग अडचण कसली?"

करार आहे. त्यावर, म्हणजे साफ्टावर, जानेवारी 2004 मध्ये इस्लामाबादला सह्या झाल्या आणि 1 जानेवारी 2006 पासून तो लागू आहे. पण प्रत्येक देशाने 'संवेदनशील' मालाची यादी बाजूला काढून ठेवली आणि शेतमाल त्या याद्यांचा लाडका. भारताने 2011 मध्ये अल्पविकसित शेजाऱ्यांसाठी आपली यादी दारू-तंबाखूसारख्या 25 वस्तूंपर्यंत खाली आणली. हे पाऊल मोठं होतं आणि त्याची आठवण आपल्याकडे फारशी कुणी ठेवत नाही. तरीही या प्रदेशातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो.

शुल्काच्या भिंती दोन्हीकडून उभ्या राहत आल्या आहेत. बांगलादेशने तांदळावर कधी 62.5 टक्के, कधी 25 टक्के, कधी शून्य, असं आयात शुल्क आपल्या पिकानुसार बदलत ठेवलं. भिलाईत हिवाळ्यात हातगाडीवर दिसणारी नागपुरी संत्री घ्या. वरूड-मोर्शीच्या बागायतदारांचा हक्काचा ग्राहक बांगलादेश होता. तिथलं आयात शुल्क चार-पाच वर्षांत किलोला 20 टाक्यांवरून 88 टाक्यांवर गेलं आणि संत्री बागेत पडून राहू लागली. अखेर डिसेंबर 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारला त्या शुल्काचा अर्धा भार उचलायची घोषणा करावी लागली. आपल्या करदात्याने शेजाऱ्याचं शुल्क भरायचं, हे मला दोन्ही सरकारांच्या संवादाचं अपयश वाटतं.

"निर्यातबंदी झाली की धानाचा शेतकरी बुडतो."

कांद्याच्या बाबतीत लासलगावला हे तंतोतंत खरं आहे. छत्तीसगडच्या खरिपाच्या धानाला ते लागू नाही. 21 क्विंटलची खरेदी ठरल्या भावाने होतेच, बंदी असो वा नसो.

उन्हाळी धानाची गोष्ट वेगळी आहे. गंगरेल धरणाच्या पाण्यावर धमतरी, कुरूद, बालोद भागांत उन्हाळ्यातही धान उभं राहतं आणि ते हमीभावाने घेतलं जात नाही. ते मंडीत जातं, व्यापारी म्हणेल त्या भावाने. 2024 च्या उन्हाळी धानाची कापणी झाली तेव्हा अरव्याची बंदीही चालू होती आणि उसन्यावरचं शुल्कही. दिल्लीतल्या अधिसूचनेचा चटका इथे बसतो. तो बसलेल्या शेतकऱ्याबद्दल बातम्यांत ओळही येत नाही, कारण 3100 च्या आकड्याखाली सगळे झाकले जातात.

"शेजाऱ्यांना आपल्यावाचून पर्याय नाही."

नोव्हेंबर 2007 मध्ये सिद्र चक्रीवादळाने बांगलादेशची किनारपट्टी उद्ध्वस्त केली. भारताने पाच लाख टन तांदूळ द्यायचं कबूल केलं. त्याच काळात आपल्याकडे बासमतीखेरीज इतर तांदळाची निर्यात अडवली जात होती. दिलेल्या शब्दाप्रमाणे तांदूळ निघायला महिने लागले, तोवर ढाक्यात भाव भडकले होते. ती बंदी सप्टेंबर 2011 पर्यंत टिकली. कांद्यात तेच 2019 मध्ये झालं. ऑक्टोबरमध्ये दिल्लीत आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी भर सभेत सांगितलं, की आपण स्वयंपाक्याला कांदा न वापरायला सांगितलं आहे आणि पुढच्या वेळी आधी कळवलंत तर बरं होईल. वर्षभरात, सप्टेंबर 2020 मध्ये, पुन्हा न कळवता बंदी आली. बांगलादेशने मग कांद्याची लागवड वाढवली आणि दुसरे विक्रेते शोधले. गेलेला ग्राहक बंदी उठली म्हणून परत येतोच असं नाही.

शेजाऱ्याला धान्य फुकट द्या, असं कुणी म्हणत नाही. देशातला भाव सांभाळणं सरकारचं कामच आहे. पण 20 जुलै म्हणजे धानाची लावणी ऐन भरात असते. तेव्हा घातलेली बंदी शेतकऱ्यालाही कळवून आलेली नसते आणि काठमांडूच्या गिरणीलाही नाही. पेरणीआधी जाहीर केलेलं शुल्क चढं असलं तरी त्याचा हिशोब करता येतो. नेपाळ, भूतान आणि बांगलादेशसाठी वर्षाचा किमान कोटा आधीच बांधून ठेवला, तर आणीबाणीत अर्जांची रांग लागणार नाही.

2024 च्या शेवटी काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ऑगस्टच्या पुराने बांगलादेशचं पीक गेलं होतं. भारताने सप्टेंबरअखेर अरव्यावरची बंदी उठवली आणि 22 ऑक्टोबरला उसन्यावरचं शुल्क शून्यावर आणलं. त्याच पंधरवड्यात बांगलादेशने आपलं 62.5 टक्के शुल्क आधी 25 वर आणलं, मग काढूनच टाकलं. दोन्ही दारं एका वेळी उघडली. तेव्हा ढाक्यात सत्ता बदलून तीन महिनेही झाले नव्हते आणि दोन्ही राजधान्यांत कडवट बोलणी चालली होती. पेट्रापोल-बेनापोलच्या नाक्यावरून तांदळाचे ट्रक तरीही जाऊ लागले.